मोटारीच्या रंगावरची कल्हई

नवी मोटार दारांत उभी राहिली म्हणजे पहिला महिनाभर तिच्यावर धुळीचा कण बसूं द्यावयाचा नाहीं, असा घरांतील लहानथोर सर्वांचा निश्चय असतो. पुढें दिवस जातात. एके सकाळीं कोवळें ऊन बॉनेटवर तिरपें पडलें असतां गृहस्थाच्या ध्यानांत येतें कीं, आरशासारख्या त्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक वर्तुळाकार रेघा उमटल्या आहेत. पक्ष्यांची विष्ठा पुसून काढली तरी तिची आकृति रंगांत तशीच राहिली आहे. आणि दारांवर पाण्याच्या थेंबांचीं पांढरीं वर्तुळें वाळून बसलीं आहेत. गाडीचे हप्ते अजून चार वर्षें फेडावयाचे असतात, आणि गाडी तर आतांच जुनी दिसूं लागलेली असते. अशा मनःस्थितींत तो बाजारांत जातो. तेथें ‘सिरॅमिक’ असें ठळक अक्षरांत लिहिलेली एक फवाऱ्याची बाटली त्याला दिसते. तिच्या शेजारीं दुसरी, दुसरीच्या शेजारीं तिसरी. एक म्हणते, ओल्या गाडीवर फवारा मारून धुवून टाका. दुसरी म्हणते, कोरड्या गाडीवर मारून पुसा. एक कांहीं महिन्यांचें आश्वासन देते, दुसरी वर्षाचें. किंमतींत दुपटीचौपटीचा फरक असतो. यांतील कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटेल. परंतु तो तसा नाहीं. मोटारीचा मूळ रंग एकदां झिजला म्हणजे तो परत येत नाहीं, आणि चुकीच्या भरंवशावर तो अधिकच लवकर झिजतो.

ज्याचें रक्षण करावयाचें तो रंग कसा असतो, हें आधीं पाहणें अवश्य आहे. १९२३ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीनें ‘ड्यूको’ या नांवाचें नायट्रोसेल्युलोजचें रोगण पुढें आणलें. त्यापूर्वीं घोडागाडीच्या पद्धतीनें ब्रशानें रंगविलेली मोटार पूर्ण वाळण्यास कित्येक दिवस, प्रसंगीं आठवडे लागत. नव्या रोगणानें तें काम तासांवर आलें. परंतु त्या काळचा रंग उन्हावाऱ्यानें वरून खडूसारखा भुरका होई, आणि तो भुरका थर घासून त्यावर मेण चढविणें हें मालकाचें नेहमींचें काम होऊन बसे. मोटारीस मेण लावण्याची चाल त्या काळांतील आहे. १९८० च्या दशकापासून मात्र रंगाच्या थरावर पारदर्शक रोगणाचा एक निराळा थर देण्याची पद्धति सर्वत्र रूढ होत गेली. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर प्रथम विजेच्या साह्यानें बसविलेला गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांवर हें पारदर्शक रोगण, असे चार थर असतात.

हे चारही थर मिळून जाडी भरते ती सुमारें १०० ते १२० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाच्या डोक्याचा केंस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे पत्र्याचें ऊन, पाऊस व गंज यांपासून रक्षण करणारी सर्व सामग्री दीड केंसाच्या जाडींत मावते. तींतील वरचें पारदर्शक रोगण ३५ ते ५० मायक्रॉनांच्या आसपास असतें. उन्हांतील अतिनील किरण शोषून घेणारीं द्रव्यें कारखान्यांत याच थरांत मिसळलेलीं असतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा पडतात त्याही याच थरावर. त्या घालविण्यासाठीं कारागीर यंत्रानें घासूं लागला म्हणजे तो रेघ भरून काढीत नाहीं. रेघेच्या तळापर्यंत पोंचण्यासाठीं तो भोंवतालचें रोगण खरवडून काढतो. प्रत्येक घासणीस कांहीं मायक्रॉन खर्ची पडतात. हें रोगण म्हणजे घराण्याची शिल्लक आहे. तींत भर पडत नाहीं, खर्च मात्र होतो. वारंवार घासल्यानें ती संपत आली म्हणजे टप आणि बॉनेट पांढुरकें पडून रोगणाचे पापुद्रे सुटूं लागतात, आणि मग गाडी पुन्हां रंगविण्यावांचून दुसरा उपाय उरत नाहीं.

आतां ‘सिरॅमिक’ या शब्दाकडे वळावें. भाजलेल्या मातीच्या वस्तु हा या शब्दाचा मूळ अर्थ. मराठी घरांत तो ऐकला म्हणजे लोणच्याची चिनी मातीची बरणी डोळ्यांपुढें येते. मीठ, आंबट, तेल यांपैकीं कशाचाही तिच्यावर परिणाम होत नाहीं. आजीच्या हातची बरणी नातसुनेच्या हातीं येते तेव्हांही ती तशीच तकतकीत असते. बाटलीवरील शब्द ग्राहकाच्या मनांत नेमकी हीच प्रतिमा उभी करतो. परंतु बरणीवरील तें कांचेसारखें कवच भट्टींत हजार अंशांहून अधिक उष्णतेंत वितळवून बसविलेलें असतें. मोटार भट्टींत घालतां येत नाहीं. फवाऱ्याच्या बाटलींत बहुतेक भाग पाण्याचा किंवा उडून जाणाऱ्या द्रावकाचा असतो. उरलेल्या थोड्या भागांत सिलिकोन जातीचीं रेझिनें, कांहीं बाटल्यांत कृत्रिम मेण, आणि सिलिका असते. सिलिका म्हणजे वाळूचें आणि गारगोटीचें मूळ द्रव्य. तें येथें अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें अगर सिलिकोनच्या साखळींत गुंफलेलें असतें. पाणी उडून गेल्यावर रंगावर जो पापुद्रा राहतो तो बहुधा एक मायक्रॉनही भरत नाहीं.

तेव्हां ही बरणी नव्हे; ही कल्हई आहे. पितळेच्या पातेल्यास कल्हई असली म्हणजे आमटी कळकत नाहीं. पण कल्हईनें पातेलें जाड होत नाहीं. पोंचा पडावयाचा तो पडतोच. आणि रोजच्या घासण्यानें कांहीं महिन्यांत ती उडते. म्हणून कल्हईला कोणी खोटी म्हणत नाहीं; वेळ आली कीं ती पुन्हां लावून घेतात. सिरॅमिकच्या फवाऱ्याकडे या दृष्टीनें पाहिलें तर त्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही सरळ ध्यानांत येतात, आणि बाटल्याबाटल्यांची तुलनाही सोपी होते.

या फवाऱ्याचे दोन भाऊबंद आहेत. वडील भाऊ म्हणजे मेण. ब्राझीलमधील कार्नोबा नांवाच्या ताडजातीच्या झाडाच्या पानांवर धरणारें मेण वनस्पतिजन्य मेणांत अतिशय कठीण समजलें जातें. तें सुमारें ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतें. त्याची झळाळी सुंदर, परंतु आयुष्य कांहीं आठवड्यांचें, फार तर दोनतीन महिन्यांचें. आणि कपडे धुण्याची किंवा भांडीं घासण्याची पूड त्यास चटकन् उतरविते. धाकटा परंतु अधिक बळकट भाऊ म्हणजे कारागिरानें लावावयाचा पातळ द्रवाचा सिरॅमिक लेप. तो लहानशा कुपींत येतो, स्पंजाच्या तुकड्यानें वीतवीत जागेवर लावला जातो, हवेंतील ओलाव्यानें कठीण होतो, आणि नीट निगा राखल्यास वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकतो. परंतु लावतांना चूक झाली तर तो पुसून निघत नाहीं, घासूनच काढावा लागतो. फवारा या दोघांच्या मध्यें बसतो. तो मेणाहून अधिक तग धरतो, साबणास अधिक दाद देत नाहीं, आणि घरच्या माणसास थोड्या सरावानें लावतां येतो. सिलिकोनचा मोटारीच्या पॉलिशाशीं संबंधही जुनाच आहे. १९४३ सालीं डाऊ आणि कॉर्निंग या दोन अमेरिकन कंपन्यांनीं मिळून सिलिकोनच्या उत्पादनासाठीं एक संयुक्त कंपनी काढली, आणि पुढील कांहीं वर्षांतच तें पॉलिशाच्या डब्यांत शिरलें. आजचा सिरॅमिक फवारा हा त्याच घराण्याचा सुधारलेला वंशज होय.

प्रत्यक्ष फवाऱ्यांत पुन्हां तीन प्रकार पडतात, आणि खरेदी करणाऱ्यानें कंपनीच्या नांवाआधीं हा प्रकार पाहावा. पहिला प्रकार कोरड्या गाडीवर मारून पुसण्याचा. टर्टल वॅक्स कंपनीचा ‘हायब्रिड सोल्यूशन्स सिरॅमिक स्प्रे कोटिंग’ आणि मदर्स कंपनीचा ‘सीएमएक्स सिरॅमिक स्प्रे कोटिंग’ हे या प्रकारांत मोडतात. पहिल्याच्या बाटलीवर बारा महिन्यांपर्यंतचें आश्वासन असतें. दुसऱ्यांत सिलिकेच्या जोडीला टायटेनियम डायऑक्साइडही असल्याचें सांगितलेलें असतें. यांत मेहनत अधिक, परंतु पापुद्रा सारखा बसतो आणि अधिक टिकतो. दुसरा प्रकार ओल्या गाडीवर मारून लगेच पाण्याच्या जोरकस धारेनें धुवून टाकण्याचा. मेग्वायर्स कंपनीचें ‘हायब्रिड सिरॅमिक वॅक्स’ आणि गियॉन कंपनीचा ‘वेट कोट’ हे त्यांतील परिचित नमुने. दहा मिनिटांत काम उरकतें, पण धारेचा जोर कमी पडला किंवा द्रव्य रंगावर वाळलें तर ओघळांचे डाग उरतात. तिसरा प्रकार धुतल्यानंतर झळाळीपुरता मारावयाच्या फवाऱ्याचा. त्याचें काम आधींच्या लेपास टेका देणें एवढेंच, आणि त्याच्याकडून महिनोन्‌महिने टिकण्याची अपेक्षा करणें अन्यायाचें आहे. ‘हायब्रिड’ या शब्दाचा अर्थ संमिश्र, हेंही ध्यानांत ठेवावें. वरील एका मालाच्या तर नांवांतच मेण आहे. बाटली खोटें बोलत नाहीं. वाचणारा अर्धेंच वाचतो. बारा महिन्यांच्या पुढचा ‘पर्यंत’ हा शब्दही असाच डोळ्यांतून निसटतो.

पुण्यामुंबईच्या सदनिकांत राहणाऱ्यांसाठीं या तुलनेंतून एक गोष्ट सरळच निघते. जेथें गाडी तळघरांत किंवा खांबांमध्यें उभी असते, नळीनें पाणी मारण्यास सोसायटीची मनाई असते, आणि उन्हाळ्यांत पाण्याचीच टंचाई असते, तेथें ओल्या पद्धतीचा फवारा कितीही नांवाजलेला असला तरी निरुपयोगी होय. बादलीनें पाणी ओतून तो नीट निघत नाहीं. अशा घरांनीं कोरड्या पद्धतीचाच घ्यावा. स्वतःचें आंगण, नळी आणि पाण्यास जोर असेल त्यानें ओल्या पद्धतीचा घेण्यास हरकत नाहीं.

या मालाच्या जाहिरातींत दोन गोष्टी फार मिरविल्या जातात. त्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पहिली ‘९ एच’ ही कठीणपणाची खूण. ही विशेषेंकरून कारागिरांच्या लेपांवर आढळते, पण तिचें तेज फवाऱ्यांच्या बाटल्यांवरही पडतें. फ्रीडरिख मोह्स या खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं खनिजांच्या कठीणपणाची जी दहा पायऱ्यांची मोजपट्टी दिली तींत नवव्या पायरीवर कुरुविंद, म्हणजे माणिक आणि नीलम यांची जात, आणि दहाव्या पायरीवर हिरा आहे. ग्राहकास वाटतें कीं आपल्या गाडीवर माणकाइतका कठीण थर बसला. परंतु ‘९ एच’ मधील नऊ हे मोह्सचे नऊ नव्हेत. ते शिसपेन्सिलीचे आहेत. ‘९ एच’ जातीच्या कठीण पेन्सिलीनें ठराविक रीतीनें रेघ ओढली असतां थरावर ओरखडा उठला नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरील धुळींत जे गारगोटीचे कण असतात ते मोह्सच्या पट्टीवर सातव्या पायरीवर बसतात, आणि पेन्सिलींतील शिशापेक्षां ते पुष्कळच कठीण असतात. म्हणून धूळ भरलेल्या फडक्यापुढें हा पापुद्रा टिकत नाहीं. आणि खडा उडाला किंवा किल्लीनें चरा ओढला गेला तर त्याचा कांहींच उपयोग होत नाहीं.

दुसरी मिरविण्याची गोष्ट म्हणजे पाण्याचे मोती. फवारा मारलेल्या बॉनेटवर पाणी टाकलें कीं अळवाच्या पानावरच्याप्रमाणें त्याचे गोल थेंब होतात, आणि तें पाहून पैसे वसूल झाल्यासारखें वाटतें. थेंब गोल होणें म्हणजे पृष्ठभागास पाण्याची ओढ कमी असणें; त्यावरून लेप अजून शिल्लक आहे एवढें कळतें, परंतु तो रंगास किती वांचवितो हें कळत नाहीं. उलट या मोत्यांचा एक तोटाही आहे. ज्या वस्तींत विंधनविहिरीचें जड पाणी वापरतात तेथें प्रत्येक थेंब वाळतांना आपल्यांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार एका ठिपक्यांत गोळा करून ठेवतो. सपाट पसरलेल्या पाण्याचा डाग फिकट असतो. मोत्याचा डाग गडद आणि हट्टी असतो. अशी गाडी उन्हांत ओली सोडली तर लेप असूनही, किंबहुना लेपामुळेंच, ती ठिपक्यांनीं भरून जाते. म्हणून थेंब किती गोल होतात यापेक्षां पाणी किती लवकर घसरून निघून जातें हें पाहावें, आणि उरलेलें पाणी मऊ कापडानें टिपून घ्यावें. त्याचप्रमाणें उन्हापासून रक्षणाचें काम मुख्यत्वेंकरून त्या ३५ ते ५० मायक्रॉनांच्या मूळ रोगणाचेंच आहे. एक मायक्रॉनाहून पातळ पापुद्रा त्यांत फारशी भर घालूं शकत नाहीं. भर उन्हांत गाडी उभी करावी लागत असेल तर झाडाच्या सावलीपेक्षां छपराची सावली बरी, कारण झाडावर पक्षी बसतात आणि कांहीं झाडांवरून चिकट रस गळतो.

मग फवाऱ्याचा खरा उपयोग कोणता? तो असा कीं, निसरड्या पृष्ठभागास मळ घट्ट धरून बसत नाहीं. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा रस, पावसाळ्यांतील चिखल हीं ओल्या कापडानें हलक्या हातानें निघतात. घासावें कमी लागतें, आणि घासणें कमी झालें म्हणजे त्या शिलकेंतील रोगण कमी खर्च होतें. फवाऱ्याची सगळी किंमत या एका साखळींत आहे. ती साखळी जेथें तुटते तेथें महागांतली महाग बाटलीही वायां जाते.

ती प्रथम तुटते लावण्यापूर्वींच. जुना कल्हईवाला भांडें तसेंच हातीं घेत नसे. तें घासून, तापवून, नवसागर फिरवून धातु निखळ उघडी केल्यावरच तो कथील लावी. मळावर कल्हई धरत नाहीं. मोटारीचेंही तसेंच. धुतलेल्या गाडीवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातास गुंडाळून बोटें फिरवलीं तर पुष्कळदां खरखर लागते; ते रेल्वेचे, कारखान्यांचे आणि ब्रेकांचे लोखंडी कण व डांबराचे ठिपके असतात. ते काढण्यासाठीं मऊ चिकणमातीसारखी वडी मिळते. ती निसरडें पाणी मारून हलकेच फिरवावी. जुन्या मेणाचा अगर तेलाचा अंश असल्यास तोही पुसून काढावा. मग सावलींत, पत्रा थंड असतांना, एका वेळीं एकच भाग घेऊन फवारा थोडा मारावा, एका मायक्रोफायबरच्या फडक्यानें पसरावा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्यानें पुसून घ्यावा. जास्त मारल्यानें जास्त रक्षण होत नाहीं. जास्त ओघळ मात्र राहतात. दमट हवेंत द्रावक सावकाश उडतें, म्हणून पावसाळ्यांत तर हात अधिकच आखडता हवा. लावल्यानंतर बाटलीवर सांगितलेला अवधि, बहुधा एक दिवस, गाडी पाण्यापासून दूर ठेवावी. ही तयारी केली नाहीं तर दोन बाटल्यांची तुलनाच होत नाहीं. कारण तेथें बाटली नव्हे, मळ परीक्षेस बसलेला असतो.

ज्या घरांत जिज्ञासा आहे तेथें ही परीक्षा दारांतच करतां येते. बॉनेट स्वच्छ करून रंगाऱ्याच्या कागदी चिकटपट्टीनें त्याचे तीन भाग पाडावे. एकावर एक फवारा, दुसऱ्यावर दुसरा, आणि तिसरा भाग तसाच उघडा ठेवावा. उघडा भाग ठेवल्यावांचून ही परीक्षा व्यर्थ आहे; कारण नवा रंग नुसता धुतला तरी कांहीं दिवस चांगलाच दिसतो. चिकटपट्टी काढून गाडी नेहमींप्रमाणें वापरावी आणि तिन्ही भाग एकाच रीतीनें धुवावे. दर दोन आठवड्यांनीं दोनच गोष्टी टिपाव्या: नुसतें पाणी ओतल्यावर किती धूळ आपोआप निघाली, आणि वाळलेला डाग ओल्या कापडाच्या किती फेऱ्यांत सुटला. ज्या दिवशीं फवाऱ्याचा भाग आणि उघडा भाग यांत भेद दिसेनासा होईल तो त्या फवाऱ्याचा शेवटचा दिवस. हा आंकडा बाटलीवर छापलेला नसतो, पण त्या गाडीपुरता तोच खरा असतो.

पैशाचा हिशेब त्यानंतर करावा. समजा, एक बाटली १,५०० रुपयांची आहे, ती दहा वेळां पुरते आणि एकदां लावलेला लेप तीन महिने टिकतो. म्हणजे एका वेळेस १५० रुपये, आणि महिन्यास ५० रुपये पडले. दुसरी बाटली ६०० रुपयांची, बारा वेळां पुरणारी, पण लेप एकच महिना टिकणारा. तिचेही महिन्यास ५० रुपयेच होतात. किंमतीचा भेद येथें नाहींसा झाला. उरला तो श्रमांचा. पहिली वर्षांतून चार वेळां लावावी लागते, दुसरी बारा वेळां. ज्यास रविवारची सकाळ गाडीपाशीं घालविण्यांत आनंद वाटतो त्याला दुसरी बरी. ज्यास वाटत नाहीं त्याला पहिली. यांत कमीअधिक शहाणपणाचा प्रश्न नाहीं.

एक सूचना मात्र आरोग्याची आहे आणि ती टाळण्यासारखी नाहीं. २००६ च्या मार्च महिन्यांत जर्मनींत कांच व फरशी यांवर मारावयाचा एक संरक्षक फवारा बाजारांत आला. नावावरून तो अतिसूक्ष्म कणांचा वाटे. तो वापरल्यावर कांहीं दिवसांतच शंभराच्या आसपास लोकांना खोकला व धाप लागण्याचा त्रास झाला, आणि कांहींच्या फुप्फुसांत पाणी झाल्यानें त्यांना रुग्णालयांत ठेवावें लागलें. माल परत मागविण्यांत आला. तपासणींत ते गाजावाजा केलेले सूक्ष्म कण त्यांत सांपडले नाहींतच; आणि तोच माल हातानें दाबावयाच्या पंपाच्या बाटलींत मिळत असतांना अशा तक्रारी आल्या नव्हत्या. दाबलेल्या वायूच्या डब्यांतून निघणारे तुषार फार बारीक असतात व फुप्फुसांत खोलवर जातात. यावरून घरानें एवढें घ्यावें कीं, फवारा हातपंपाच्या बाटलीचा असावा, बंद तळघरांत न मारतां मोकळ्या हवेंत मारावा, शक्य तर पत्र्यावर न मारतां फडक्यावरच मारून मग पसरावा, आणि दम्याच्या माणसास व मुलांना त्या वेळीं दूर ठेवावें.

रक्षणाची ती साखळी दुसऱ्यांदा तुटते रोज पहांटे, आणि तेथें बहुधा कोणाचें लक्ष जात नाहीं. शहरांतील पुष्कळ इमारतींत एक माणूस एक बादली आणि एक फडकें घेऊन येतो व उजाडेपर्यंत ओळीनें गाड्या पुसून जातो. पहिल्या दोनतीन गाड्यांनंतर त्या पाण्यांत माती उतरलेली असते. ती माती फडक्यांत बसते, आणि पुढच्या प्रत्येक गाडीवर तें फडकें बारीक कानशीसारखें गोल गोल फिरतें. कोळ्याचें जाळें विणलें जातें तें येथें. हा त्या माणसाचा दोष नव्हे. त्याला जो मोबदला मिळतो त्यांत प्रत्येक गाडीस थोडींच मिनिटें आणि बादलीचा एखादाच हिस्सा वांट्यास येतो. त्याहून अधिक वेळ दिला तर त्याचें पोट भरणार नाहीं. गृहस्थ मात्र दीड हजारांची बाटली आणतो, रविवारीं घाम गाळून ती लावतो, आणि सोमवारच्या पहांटे तीच गाडी त्याच फडक्याच्या स्वाधीन करतो. पंधरा दिवसांनीं मोती दिसेनासे झाले म्हणजे दोष बाटलीस लागतो.

याचा उपाय बाजारांत नाहीं, घरांत आहे. कोरडी धूळ कधींही कोरड्या फडक्यानें पुसूं नये. गाडी रोज पुसण्याऐवजीं आठवड्यांतून दोनदांच, पण नीट धुतली जावी. आधीं पाणी ओतून सुटी माती जाऊं द्यावी. एका बादलींत गाडीचा साबण, दुसरींत फडकें खळबळण्यास नुसतें पाणी असावें. वरच्या भागास एक आणि चाकांजवळच्या भागास निराळें, अशीं घरचीं दोन मऊ फडकीं त्या माणसाजवळ द्यावीं आणि दर खेपेस तीं धुवून वाळवावीं. या वाढलेल्या कामाचे पैसे त्याला वाढवून द्यावे. हा खर्च एका मध्यम किंमतीच्या बाटलीहून फार नसतो, आणि त्यानें रंगाचें जें रक्षण होतें तें कोणत्याही एका फवाऱ्यानें होत नाहीं. एवढी व्यवस्था झाल्यावर बाजारांतील बहुतेक नांवाजलेल्या बाटल्या आपापल्या परीनें काम देतात, आणि त्यांतील निवड ही आवडीची, सोयीची व खिशाची गोष्ट उरते. ही व्यवस्था झाली नाहीं तर वर्षाच्या शेवटीं सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त बाटलीची गाडी शेजारीं शेजारीं उभी केली असतां कोणती कोणाची हें ओळखतां येणार नाहीं.